मामांचं स्पिरिट

गाडी पहिल्यांदा खोकली ती भैरोबाच्या चढाला, सकाळी सव्वासातच्या सुमाराला. दुसऱ्यांदा खोकली तेव्हा मी गिअर खाली घेतला. तिसऱ्यांदा खोकायची तसदी तिनं घेतली नाही. निम्म्या चढावर सरळ बंद पडली.

"हँडब्रेक ओढ," शेजारी बसलेले मामा म्हणाले, आणि मी ओढेपर्यंत उतरून त्यांनी मागच्या चाकाला दगडही लावला. बहात्तराव्या वर्षी माणसानं एवढ्या चपळाईनं उतरू नये, पण त्यांना सांगणार कोण?

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या सांगलीकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या.

मी चोक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. पिकअपच्या मागच्या हौद्यात तीस ट्रे होते, ओल्या सुती कापडात गुंडाळलेले, आणि त्यात हजारो रेशमाच्या अळ्या झोपलेल्या होत्या. रेशमाची अळी वाढताना चार वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याआधी मान वर करून दिवसभर गाढ झोपते. अंडी आणायची, उबवायची, कोवळ्या तुतीचा पाला बारीक चिरून अळ्यांना पहिले आठ-दहा दिवस भरवायचा आणि दुसऱ्या झोपेत असताना त्या शेतकऱ्याच्या घरी पोचवायच्या, हा आमचा नवा धंदा. बाळंतपण आमच्याकडं, सासर शेतकऱ्याकडं. अळ्या जाग्या व्हायच्या आत पोचल्या तर ठीक. वाटेत जाग्या झाल्या आणि वर ऊन तापलं, तर उपाशी अळी जी दुखणं धरते ती शेवटपर्यंत सुधारत नाही.

ही आमची पहिली बॅच होती. चाळीस किलोमीटरवरच्या सोनारवाडीत शिवगोंडा मगदूम पाला तोडून वाट बघत होते. दहाच्या आत अळ्या जाग्या होणार होत्या.

आणि आदल्या दिवशी माझा नवरा, उदय, मला म्हणाला होता, "हे बघ अलका, पहिली बॅच तू घेऊन जा. नीट पोचली तर गाडी तुझी. न्हाई पोचली तर मी डिझेलचा टेम्पो आणि ड्रायव्हर बघतो. तू घरात ट्रे सांभाळ."

उदय वाईट नव्हता, घाबरट होता. घाबरट माणूस नियम फार करतो. गाडी शिकवली होती मला मामांनी, साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या मोकळ्या आवारात, उसाचा हंगाम संपल्यावर. लायसन्स हातात आलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते आणि आत्यांनी देव पाण्यात घातले होते.

आमची पिकअप जुनी होती, पण पेट्रोलची होती, आणि म्हणूनच घेतली होती. डिझेलचा धूर अळ्यांना सोसत नाही. त्यांना तसं काहीच सोसत नाही. धंदा सुरू झाल्यापासून घरात उदबत्ती बंद होती, पावडर बंद होती, माझा गजरा बंद होता. तंबाखूच्या नुसत्या वासानं अळ्या मरतात, म्हणून आत्यांची मिश्री परड्याच्या पार, गोठ्यामागं हद्दपार झाली होती. "सुनेसाठी सोडली नसती, किड्यांसाठी सोडली," असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या.

आणि धुणं! प्रत्येक बॅचच्या आधी खोली, ट्रे, गाडी, सगळं ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं फवारून काढायचं. प्रशिक्षणाला आलेल्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, 'जिथं फवारा पोचत नाही, तिथं रोग राहतो.' मी ते वाक्य देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं. दोन दिवसांपूर्वी पाठीवर पंप घेऊन मी पिकअपला अशी आंघोळ घातली की मामा ओट्यावरून म्हणाले, "अगं, तिचा रंग तरी ठेव." दाराच्या फटी, सीटखालचा पत्रा, बिजागऱ्या, झाकणांच्या खाचा, एकही जागा मी सोडली नव्हती.

आता ती धुतलेली-पुसलेली नवरी चढावर रुसून उभी होती.

"मिस्त्री म्हणत होता तेच झालं वाटतं," माझ्या तोंडातून निघून गेलं.

मला लगेच वाईट वाटलं, कारण त्या बोलण्याला मोठा इतिहास होता.

मामांनी चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली. मळीपासून स्पिरिट निघतं, त्या स्पिरिटात काचेची तरंगती नळी सोडून त्याचा जोर मोजायचा, हे त्यांचं काम. आयुष्यात थेंब ओठाला लावला नाही, पण कपड्यांना वास असा यायचा की लग्नानंतर महिन्याभरात आत्यांचे वडील मुलीला परत न्यायला आले होते. मामांनी सासऱ्यांना डिस्टिलरीच्या फाटकापर्यंत नेलं. तिथल्या हवेत दोन मिनिटं उभं राहिल्यावर सासऱ्यांनाच गरगरायला लागलं. मग त्यांचा विश्वास बसला.

तर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागले, तेव्हा मामांना जणू मुलगा परदेशातून बढती घेऊन आल्याचा आनंद झाला. "इथेनॉल म्हणजे दुसरं काय? आपलं स्पिरिटच की! पार सुकवून, पाण्याचा अंश काढलेलं." निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेला मापाचा काचेचा जार ते गाडीच्या खणात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचे. पंपावर थोडं पेट्रोल त्यात घ्यायचे, थोडं पाणी ओतायचे, हलवायचे, आणि मला दाखवायचे. पेट्रोल वर राही, पाणी खाली, आणि खालचं पाणी ओतलं त्याहून वाढलेलं असे.

"बघ, स्पिरिट पाण्याकडं पळालं. जेवढी रेघ वर सरकली, तेवढं आपलं. तेवढी गाडी आपल्या उसावर चालते."

दस्तगीर मिस्त्रीचं मत वेगळं होतं. चौकातल्या त्याच्या गॅरेजमध्ये आमच्या पिकअपचा दर महिन्याला मुक्काम असायचा. "मामा, नव्या गाड्यांचं सोडा. ह्या म्हातारीला दारू सोसायची न्हाई. रबरं खाती, टाकीतला जुना गाळ उपसती. लांबच्या पंपावर बिनमिसळीचं मिळतंय, ते भरा."

"दारू म्हणू नको. स्पिरिट म्हण."

"बरं, स्पिरिट सोसायचं न्हाई."

उदयही दस्तगीरच्या बाजूचा. पण आदल्या संध्याकाळी मामा माझ्याबरोबर कारखान्याच्या पंपावर आले आणि म्हणाले, "टाकी भर. पहिली बॅच आहे. आपल्याच मालावर जाऊ दे." मी भरली. मला त्यांना नाही म्हणता आलं नसतं. खरं तर म्हणायचंही नव्हतं.

चढावर मामांनी बॉनेट उघडलं नाही. आधी ट्रेकडं गेले. "हे उतरवू. पेट्रोल सांडणार, वास अळ्यांना नको." मग आम्ही दोघांनी तीस ट्रे एकेक करून रस्त्याच्या कडेच्या चिंचेखाली नेले, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मी कापडावर पाणी शिंपडलं. एका ट्रेचं टोक उचलून पाहिलं, तर अळ्या मान वर करून, पूजेला बसल्यासारख्या निश्चल होत्या. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

"पाना घे आणि खाली जा. टाकीच्या बुडाला बोल्ट आहे," मामा म्हणाले. "माझं कंबरडं आत शिरलं तर बाहेर निघायचं न्हाई."

मी साडी खोचून गाडीखाली गेले. बोल्ट गंजलेला होता, सुटता सुटेना. मामा वाकून सांगत होते, "डावीकडं... तुझ्या डावीकडं गं." सुटला तशी धार माझ्या कोपरावर आली. त्यांनी जार खाली धरला, भरला, आणि तो घेऊन उजेडाकडं गेले.

गाडीखालून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते पाय बराच वेळ हलले नाहीत.

"काय आहे मामा?"

"पाणी."

"पाणी? कुठून आलं?"

मी बोल्ट तेवढ्यापुरता लावून बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडं पाठ करून उभे होते. जार नाकाशी होता. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चिंचेखालच्या ट्रेकडं पाहिलं.

"बघू मला."

"लांब राहा. अळ्यांना हात लावायचाय तुला," असं म्हणून ते पलीकडच्या चरापर्यंत चालत गेले आणि जार ओतून आले. टॉवेलच्या टोकानं त्याचं बूड आतून पुसत होते. "हवेतलं पाणी. स्पिरिट हवेतलं पाणी ओढतंय. जुन्या गाडीचं झाकण सैल, रात्रभर ओढत बसलं. आता खालचं सगळं सोडून दे. निव्वळ पेट्रोल आलं की बोल्ट लाव."

मी पुन्हा खाली गेले. बादलीत खालचं पाणी आणि स्पिरिट निघून गेलं, मग पेट्रोल आलं. मामांनी कार्बोरेटरची वाटी रिकामी केली. दोनदा शिवगोंडांचा फोन आला. "निघालोय, वाटेत आहे," असं मी दोन्ही वेळा सांगितलं. वाटेत होतेच, फक्त चालत नव्हते. साडेआठला गाडी खोकली, खोकली, आणि चालू झाली. मी इतकी रडले की मामा म्हणाले, "रडत चालवू नको. पुसून मग बस."

ट्रे पुन्हा हौद्यात चढवले आणि पावणेदहाला सोनारवाडीत पोचलो. पहिल्या ट्रेचं कापड काढलं तेव्हा चार-दोन अळ्या मान हलवायला लागल्या होत्या. शिवगोंडांच्या बायकोनं पाला तयारच ठेवला होता. अळ्या सगळ्या जाग्या झाल्या तसा तिनं तो पसरला, आणि थोड्या वेळानं तो आवाज आला. हजारो बारीक तोंडं पाला खाताना बारीक सर पडल्यासारखा आवाज येतो. मी तिथंच जमिनीवर बसले.

"उशीर केला वहिनी," शिवगोंडा म्हणाले.

"तिचं न्हाई, माझं काम," मामा म्हणाले. "माझ्या स्पिरिटनं दगा दिला."

मला वाटलं, परक्यासमोर सुनेची बाजू घेतली. पण घरी आल्यावर खरी परीक्षा होती. उदय दारातच उभा होता. शिवगोंडांनी त्यालाही फोन केला होता.

"काय झालं गाडीला?"

"टाकीत पाणी निघालं," मी सांगितलं.

"पाणी?" त्यानं गाडीकडं पाहिलं. "तू धुतलीस परवा. धुताना आत गेलं न्हाई ना?"

"झाकण होतं की," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच बारीक वाटला.

आत्या आतून म्हणाल्या, "मी आधीच सांगत हुते. बाईच्या हातात गाडी..."

"गप बसा दोघं," मामा म्हणाले. ते कधी ओरडत नसत, तेव्हाही ओरडले नाहीत. "धुण्याचं पाणी कुठलं आलं त्यात? स्पिरिटचं काम आहे ते. हवेतलं पाणी ओढलं. दस्तगीर सांगत हुता, उदय सांगत हुता, मी ऐकलं न्हाई. जुन्या गाडीला सोसत न्हाई. माझा हट्ट चुकला."

मामांनी 'माझं चुकलं' म्हटलेलं आत्यांनीही चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. उदयला आता कुणावर रागवावं ते कळेना. "मग गाडी हिच्याकडंच राहू दे," मामा पुढं म्हणाले. "भर रस्त्यात टाकी सोडली, बॅच पोचवली. तुझ्या ड्रायव्हरनं फोन करून मिस्त्रीची वाट बघितली असती."

गाडी माझ्याकडं राहिली. खरं सांगायचं तर मला मामांचं वाईट वाटण्याआधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटत गेलं, हळूहळू, कारण त्या एका वाक्याची किंमत मामा रोज देत होते. उदयनं दस्तगीरला सांगितलं आणि दस्तगीरनं चौकाला. मामा दिसले की तो हाक मारायचा, "मामा, गाडी शुद्धीवर आली का? उतारा दिला का न्हाई?" चौक हसायचा. मामाही हसायचे. पण कारखान्याच्या पंपाशेजारच्या कट्ट्यावर डिस्टिलरीतले त्यांचे तीन-चार सोबती रोज संध्याकाळी बसायचे, तिथं जायचं त्यांनी सोडलं. जार घरी माळ्यावर गेला. आम्ही लांबच्या पंपावर पेट्रोल भरायला लागलो.

एक मात्र सवय त्यांना त्या दिवसापासून लागली. मी गाडी फवारायला घेतली की ते ओट्यावरून उठायचे, दुधाची धुतलेली पिशवी पेट्रोलच्या झाकणावर घालायचे आणि वरून दोन रबरबँड करकचून लावायचे. "हवा लागू नये म्हणून," असं म्हणायचे. म्हातारपणाचा चाळा म्हणून मी सोडून द्यायची.

दहा वर्षं गेली. आमच्या अळ्या आता चार तालुक्यांत जातात. जुनी पिकअप गेली, नवी आली. तिला पेट्रोलमधलं स्पिरिट चालतं, तसं झाकणाच्या आत लिहिलेलंच आहे. तरी सवयीनं आम्ही लांबच्याच पंपावर जायचो. मामा ब्याऐंशीचे झाले.

त्याच वर्षी शेजारच्या गावच्या मंगल साळुंखे आमच्याकडं काम शिकायला आल्या. चाळिशीची, डोळसपणे काम करणारी बाई. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्या दिवशी पिशवी मी बांधत होते.

"हे कशाला वहिनी?" त्यांनी विचारलं.

"टाकीला हवा लागू नये म्हणून."

"मग धुतानाच का बांधायची?" मंगलताई म्हणाल्या. "हवा तर रोजच असती की."

माझ्या हातातला रबरबँड सुटून कुठंतरी उडाला. मला ते पाय आठवले, गाडीखालून दिसलेले, न हललेले. नाकाशी धरलेला जार आठवला. टॉवेलनं आतून पुसलेलं त्याचं बूड आठवलं. आणि झाकणाच्या खाचेत पंपाचं तोंड खुपसून, दात-ओठ खाऊन फवारणारी मी आठवले. जिथं फवारा पोचत नाही, तिथं रोग राहतो.

मामा परड्यात काळा चष्मा लावून ऊन खात बसले होते.

"मामा, त्या दिवशी जारमध्ये काय होतं?"

"कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला माहीत आहे कुठल्या."

काळ्या चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते.

"पाणी हुतं. तळाला चुनकट पांढरा गाळ. आणि ब्लिचिंगचा वास. चौतीस वर्षं नाकावर भाकरी खाल्ली मी, मला कळणार न्हाई?"

"आणि हवेतलं पाणी?"

"खुळी का काय तू? एका रात्रीत हवेतनं एवढं पाणी आलं असतं, तर दुष्काळी गावांनी विहिरी कशाला खणल्या असत्या? स्पिरिटच ठेवलं असतं की उघड्यावर."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. "मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"सांगून? उदय निमित्तच बघत हुता. स्पिरिटला नावं ठेवली, ठेवली. ते काय, उडून जातंय. तुला एकदा गाडीवरनं उतरवलं असतं, तर परत कोण चढवणार हुतं?"

"निदान मला तरी सांगायचं."

"तुझ्या पोटात काय राहतंय? त्याच रात्री त्याला सांगितलं असतंस."

ते खरं होतं. कारण त्याच दुपारी जेवताना मी उदयला आणि आत्यांना सगळं सांगून टाकलं. उदयचा घास हातातच राहिला. आत्या म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं. हा माणूस स्वतःची चूक असती तर कबूल झालाच नसता."

संध्याकाळी मी मामांना गाडीत बसवलं. कुठं जायचं ते सांगितलं नाही. कारखान्याच्या पंपावर गाडी वळली तसे ते सावरून बसले. शेजारच्या कट्ट्यावर सोबत्यांपैकी दोघंच उरले होते, आणि दस्तगीर मिस्त्री त्यांच्यात चहा पीत होता. पांढरी दाढी झाली, पण जीभ तशीच.

"या मामा! आज इकडं कसं? गाडी उपवास सोडती का?"

मी खाली उतरले. "दस्तगीरभाई, त्या वेळी स्पिरिटनं काही केलं नव्हतं. टाकीत पाणी मी घातलं होतं, फवारताना. मामांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. दहा वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाची चेष्टा केली."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. मामांकडं बघतच राहिला. "मग एवढी वर्षं ऐकून का घेतलंत?"

"तुला दुसरा विषय हुता का कुठला?" मामा म्हणाले. म्हातारे सोबती कट्ट्यावर सरकले आणि त्यांनी मधे जागा केली. मामा काठी टेकत गेले आणि दहा वर्षांपूर्वीच्या जागेवर बसले. पंपावरच्या माणसानं मला विचारलं, "किती टाकू ताई?" कट्ट्यावरून उत्तर आलं, "टाकी भर."

दुसऱ्या दिवशी गाडी फवारायची होती. मी पाठीवर पंप चढवून बाहेर आले, तर मामा झाकणाशी उभे. हातात दुधाची पिशवी आणि दोन रबरबँड.

"मामा, नव्या गाडीच्या झाकणाला किल्ली आहे. पाण्याचा थेंब आत जात नाही."

"असू दे," रबरबँड ओढत ते म्हणाले. "फवारणारी जुनीच आहे."